मध्यान्ह भोजन योजना: शिक्षणाला सामाजिक सुरक्षेची जोड

शिक्षण हा दारिद्र्यातून बाहेर पडण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग मानला जातो. मात्र ज्या घरात संध्याकाळच्या जेवणाची शाश्वती नसते, त्या घरातील मूल या मार्गावर टिकणार कसे, हा प्रश्न भारतात शंभर वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे. देशाने या प्रश्नाला दिलेले सर्वांत व्यापक उत्तर म्हणजे शाळेत दुपारी मिळणारे शिजवलेले जेवण. मद्रास शहरातील महापालिकेच्या एका शाळेत १९२० मध्ये मंजूर झालेला हा उपक्रम २०२१ पासून ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ अर्थात ‘पीएम पोषण’ या नावाने ओळखला जातो. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२१ मध्ये या योजनेला मंजुरी दिली, तेव्हा तिच्या कक्षेत सुमारे ११ लाख २० हजार शाळा आणि ११ कोटी ८० लाख विद्यार्थी होते.

या योजनेचा इतिहास केवळ अन्नवाटपाचा नाही. शाळा मोफत केल्याने शिक्षण आपोआप गरिबांच्या आवाक्यात येत नाही. शिकण्याच्या वर्षांत कुटुंबाला सोसावा लागणारा भार कोणी तरी उचलावा लागतो, ही जाणीव या इतिहासाच्या मुळाशी आहे. हा भार समाजाने आणि शासनाने जिथे उचलला, तिथे मुले शाळेत टिकली. जिथे हा आधार संपतो, तिथे शाळेतील गळती वाढते, असे चित्र दिसते.

मोफत शिक्षणाचा न दिसणारा खर्च

गरीब पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, म्हणून त्यांची मुले शाळेत येत नाहीत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश आणि हिमाचल प्रदेश या राज्यांतील खेड्यांत १९९६ मध्ये एक विस्तृत पाहणी करण्यात आली. ‘प्रोब’ या नावाने ओळखला जाणारा तिचा अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने हा समज खोडून काढला. मुलाने शिकणे महत्त्वाचे आहे, असे ९८ टक्के पालकांनी सांगितले. मुलीच्या बाबतीत हे प्रमाण ८९ टक्के होते. इच्छा होती, अडचण खर्चाची होती. सरकारी शाळेत शुल्क नाममात्र असले तरी वह्या-पुस्तके, कपडे आणि इतर बाबींवर प्रत्येक मुलामागे वर्षाकाठी तीनशे रुपयांहून अधिक खर्च येत असल्याचे या पाहणीत आढळले. दोन-तीन मुले असलेल्या शेतमजुराच्या कुटुंबासाठी ही रक्कम मोठी होती.

याशिवाय एक खर्च असा असतो, ज्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. तो म्हणजे मुलाच्या वेळेचा. गुरे राखणारा मुलगा किंवा आई मजुरीला गेल्यावर धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळेत गेली की ते काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते, आणि बहुधा त्यासाठी आईला आपली मजुरी बुडवावी लागते. त्यातच दुष्काळ, आजारपण किंवा कर्त्या माणसाचा मृत्यू ओढवला की खर्चाला पहिली कात्री मुलांच्या शिक्षणाला लागते. एकदा शाळा सुटलेले मूल पुन्हा वर्गात परतणे कठीण असते. म्हणूनच संकट काही महिन्यांचे असले तरी त्याची किंमत त्या मुलाला आयुष्यभर मोजावी लागते. सामाजिक सुरक्षेच्या योजनांची गरज नेमकी या ठिकाणी भासते.

मद्रासमधील पहिला प्रयोग

मद्रास महापालिकेचे अध्यक्ष आणि जस्टिस पक्षाचे नेते पी. त्यागराय चेट्टी यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १९२० मध्ये महापालिकेने एक ठराव मंजूर केला. थाउजंड लाइट्स भागातील महापालिका शाळेतील मुलांना दुपारचे खाणे द्यावे आणि त्यावर प्रत्येक विद्यार्थ्यामागे दररोज एक आण्यापेक्षा अधिक खर्च होऊ नये, असे त्यात ठरले. या शाळेत येणारी मुले गरीब वस्तीतील होती आणि उपाशीपोटी वर्गात बसत होती. पुढे आणखी चार शाळांत हा उपक्रम सुरू झाला. या पाच शाळांची एकत्रित पटसंख्या १९२२-२३ मध्ये ८११ होती. ती १९२४-२५ मध्ये १,६७१ वर पोहोचली. दोन वर्षांत पट दुपटीहून अधिक झाला.

तरीही १ एप्रिल १९२५ पासून हा उपक्रम थांबवावा लागला. प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून भोजनावर खर्च करण्यास ब्रिटिश सरकारने परवानगी नाकारली. भोजन हा शिक्षणाचा भाग आहे की नाही, हा वाद इतका जुना आहे. दोन वर्षांनंतर मर्यादित स्वरूपात भोजन पुन्हा सुरू झाले. परंतु हा विचार शहराच्या सीमा ओलांडून खेड्यापर्यंत पोहोचण्यास स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली.

कामराज आणि एम. जी. रामचंद्रन

तत्कालीन मद्रास राज्याचे मुख्यमंत्री के. कामराज यांनी १९५६ मध्ये शाळांतील मध्यान्ह भोजनाला राज्यव्यापी स्वरूप देण्यास प्रारंभ केला. कामराज यांना वडिलांच्या मृत्यूनंतर लहान वयातच शाळा सोडावी लागली होती. दौऱ्यावर असताना त्यांनी एका गुराखी मुलाला शाळेत न जाण्याचे कारण विचारले आणि शाळेत गेल्यावर जेवायला कोण देणार, असा उलट प्रश्न त्या मुलाने केला, अशी आठवण तमिळनाडूत आजही सांगितली जाते. आरंभी गावकऱ्यांच्या देणग्या आणि धान्यदान यांवर योजनेचा मोठा भार होता. खेडोपाडी नव्या शाळा उघडण्याची मोहीमही त्याच काळात सुरू होती. शाळा गावात आणि जेवण शाळेत, अशी ही दुहेरी रचना होती.

योजनेचा दुसरा मोठा टप्पा १ जुलै १९८२ रोजी सुरू झाला. मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी ग्रामीण भागातील अंगणवाड्या आणि प्राथमिक शाळांतील मुलांसाठी पौष्टिक भोजन योजना जाहीर केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती शहरी भागात आणि १९८४ मध्ये दहावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना लागू झाली. रामचंद्रन यांचे बालपणही हलाखीत गेले होते. पोटासाठी त्यांना शाळा सोडून नाटक कंपनीत दाखल व्हावे लागले होते. इतका मोठा खर्च राज्याला पेलणार नाही आणि ही केवळ लोकानुनयाची घोषणा आहे, अशी टीका त्या वेळी झाली. तथापि पुढे कोणत्याही पक्षाचे सरकार आले तरी योजना बंद झाली नाही. उलट प्रत्येक सरकारने तिच्यात भर घातली. याच राज्याने १५ सप्टेंबर २०२२ रोजी प्राथमिक शाळांतील मुलांसाठी सकाळच्या न्याहारीची योजना सुरू केली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ती राज्यातील सर्व सरकारी प्राथमिक शाळांत नेली.

राष्ट्रीय योजना आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश

राष्ट्रीय पातळीवर १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शिक्षणाला पोषण साहाय्य देणारी योजना सुरू झाली. प्रारंभी २,४०८ विकासगटांत लागू झालेली ही योजना १९९७-९८ पर्यंत देशभर पोहोचली. शिजवलेले अन्न द्यावे, हा तिचा उद्देश होता. प्रत्यक्षात बहुतेक राज्यांनी ८० टक्के उपस्थिती असलेल्या विद्यार्थ्याला दरमहा तीन किलो धान्य वाटण्यावर समाधान मानले. हे धान्य घरी जाऊन सर्वांत वाटले जात असे. मुलाच्या वाट्याला त्यातले किती येई, हे घरच्या परिस्थितीवर अवलंबून होते. आणि भूक तर रोज दुपारी वर्गात लागत होती.

हे चित्र बदलले ते न्यायालयाच्या हस्तक्षेपामुळे. २००१ मध्ये राजस्थानसह देशाच्या अनेक भागांत दुष्काळ होता आणि त्याच वेळी सरकारी गोदामांत धान्याचे विक्रमी साठे पडून होते. या विसंगतीकडे लक्ष वेधणारी याचिका ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या संघटनेने एप्रिल २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत वर्षातून किमान २०० दिवस, किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले जेवण द्यावे, असे त्यात नमूद होते. शासनाच्या इच्छेवर चालणारी एक योजना या आदेशाने मुलांचा हक्क ठरवली.

अंमलबजावणी एका दिवसात झाली नाही. निधी, स्वयंपाकघरे आणि मनुष्यबळ यांची कारणे देत अनेक राज्यांनी मुदत ओलांडली. न्यायालयाने वेळोवेळी पुढील आदेश दिले. २००४ मध्ये केंद्राने योजनेची नवी रचना करून धान्याबरोबरच अन्न शिजवण्याच्या खर्चाची तरतूद केली. २००७ मध्ये शैक्षणिकदृष्ट्या मागास विकासगटांतील सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांचा समावेश झाला आणि २००८-०९ पासून देशभरातील उच्च प्राथमिक वर्ग योजनेत आले. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ ने या हक्काला कायद्याचे अधिष्ठान दिले. २०१५ च्या नियमांनुसार काही कारणाने जेवण देता आले नाही, तर विद्यार्थ्याला अन्न सुरक्षा भत्ता देणे बंधनकारक झाले.

निकषांनुसार प्राथमिक वर्गातील मुलाला दररोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळणे अपेक्षित आहे. धान्य केंद्र सरकार पुरवते. इतर खर्च बहुतेक राज्यांत केंद्र आणि राज्य ६० आणि ४० टक्के या प्रमाणात उचलतात. ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांत हे प्रमाण ९० आणि १० टक्के आहे. महाराष्ट्रात ही योजना ‘शालेय पोषण आहार’ या नावाने परिचित आहे.

अभ्यासकांचे निष्कर्ष

योजनेच्या परिणामांचा अभ्यास देशात आणि परदेशांत झाला आहे. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि गीता किंगडन यांनी ‘प्रोब’ पाहणीतील माहितीचे विश्लेषण करून २००१ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. गावच्या शाळेत भोजन मिळत असेल तर मुलींचे शाळेत जाण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांच्या फरकाने अधिक असते, असे त्यांना आढळले. न्यायालयाच्या आदेशानंतर छत्तीसगड, राजस्थान आणि कर्नाटकात झालेल्या पाहणीतही पहिलीच्या वर्गातील प्रवेश वाढल्याचे दिसून आले. मुलींची संख्या त्यात विशेष लक्षणीय होती.

आंध्र प्रदेशातील मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासाचे महत्त्व वेगळे आहे. अभिजित सिंग, अल्बर्ट पार्क आणि स्टीफन डेरकन यांनी अवर्षणाची झळ बसलेल्या कुटुंबांतील मुलांची पाहणी केली. दुष्काळामुळे लहान वयात खुंटलेल्या वाढीची भरपाई शाळेतील जेवणाने बऱ्याच अंशी झाल्याचे त्यांनी दाखवून दिले. संकटाच्या काळात कुटुंबाला तोलून धरणारी यंत्रणा म्हणून शाळेचे स्वयंपाकघर काम करते, याचा हा ठोस पुरावा मानला जातो. तनिका चक्रवर्ती आणि राजश्री जयरामन यांच्या २०१९ मधील शोधनिबंधानुसार, एक वर्षाहून कमी काळ जेवण मिळालेल्या मुलांच्या तुलनेत पाच वर्षे जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनातील गुण १८ टक्क्यांनी आणि गणितातील गुण ९ टक्क्यांनी अधिक होते.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासाने परिणामांची कक्षा पुढच्या पिढीपर्यंत नेली. ज्या मातांना बालपणी शाळेत भोजन मिळाले होते, त्यांच्या मुलांची उंची वयाच्या मानाने अधिक चांगली असल्याचे त्यात आढळले. या माता अधिक शिकल्या होत्या, त्यांचे पहिले मूल उशिरा झाले होते आणि त्या आरोग्यसेवांचा अधिक लाभ घेत होत्या. दारिद्र्य जसे आईकडून मुलाकडे येते, तसा त्यातून सुटकेचा मार्गही येतो, असा या निष्कर्षाचा अर्थ लावता येतो.

एक पंगत आणि स्वयंपाकघरातील महिला

शाळेतील जेवणाला सामाजिक समतेचाही पैलू आहे. निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीत बसून एकाच भांड्यातले अन्न खातात, ही गोष्ट अनेक गावांत नवी होती. स्वयंपाकी आणि मदतनीस यांच्या नेमणुकीत दलित तसेच अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना प्राधान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये दिला. दलित महिलेच्या हातचे अन्न नाकारल्याच्या किंवा मुलांना वेगळे बसवल्याच्या घटना विविध राज्यांतून पुढे आल्या आहेत. अशा घटनांची आज बातमी होते आणि चौकशीही होते. जे पूर्वी मुकाट्याने चालत असे, ते शाळेच्या पंगतीमुळे उघड्यावर आले.

देशभरात सुमारे २५ लाख स्वयंपाकी आणि मदतनीस या योजनेत काम करतात. त्यांत बहुसंख्य महिला आहेत आणि त्यांतील अनेक जणी स्वतः गरीब कुटुंबांतील आहेत. त्यांच्या मानधनाचा केंद्रीय निकष २००९ मध्ये दरमहा १,००० रुपये आणि तोही वर्षातील दहा महिन्यांसाठी ठरवण्यात आला. अनेक राज्ये त्यात स्वतःची भर घालतात. मानधनवाढीच्या मागणीसाठी या महिलांच्या संघटनांनी वेळोवेळी आंदोलने केली आहेत. सामाजिक सुरक्षेची योजना चालवणाऱ्या हातांनाच पुरेशी सुरक्षा नाही, हा या योजनेतील सर्वांत ठळक विरोधाभास आहे.

त्रुटी आणि धडे

योजनेच्या इतिहासातील सर्वांत दुःखद घटना १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या प्राथमिक शाळेत घडली. कीटकनाशक मिसळलेले अन्न खाल्ल्याने तेथे २३ मुलांचा मृत्यू झाला. धान्य आणि तेलाची साठवण, स्वयंपाकघराची स्वच्छता आणि देखरेख यांतील निष्काळजीपणा किती घातक ठरू शकतो, हे या दुर्घटनेने देशाला दाखवून दिले. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षक आणि पालकांनी अन्न चाखून पाहण्याच्या नियमाची काटेकोर अंमलबजावणी, अन्नाच्या नमुन्यांची तपासणी आणि सामाजिक लेखापरीक्षण यांवर त्यानंतर भर देण्यात आला.

कोरोनाच्या साथीने वेगळी परीक्षा घेतली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि त्याबरोबर दुपारचे जेवणही थांबले. सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजी स्वतःहून दखल घेऊन मुलांना जेवण कसे पोहोचवणार, अशी विचारणा राज्यांना केली. त्यानंतर राज्यांनी शिधा किंवा त्याऐवजी रक्कम देण्याची व्यवस्था केली. वर्गावर्गांतून दूरस्थ शिक्षणाचे प्रयोग झाले, तरी ताटातील गरम अन्नाला पर्याय मिळाला नाही.

मुले शाळेत आली आणि टिकली, तरी ती शिकतात किती, हा प्रश्न स्वतंत्रपणे उरतो. ग्रामीण भागातील शैक्षणिक स्थितीचा आढावा घेणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार, २०२४ मध्ये सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२२ च्या १६.३ टक्क्यांच्या तुलनेत यात सुधारणा आहे. तरीही चारपैकी तीन मुले मागे आहेत. जेवण मुलाला वर्गात बसवू शकते. त्याला वाचायला शिकवण्याचे काम शिक्षकाचेच असते.

वसतिगृहांची परंपरा

गरीब विद्यार्थ्याच्या अन्न आणि निवाऱ्याची जबाबदारी घेण्याचा विचार महाराष्ट्रात वसतिगृहांच्या रूपाने रुजला. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी १९०१ पासून विविध जातीधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला आणि १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रम करून शिकत. वसतिगृह चालवण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेनेही १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले. डॉ. आंबेडकर यांचे परदेशातील उच्च शिक्षण बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीमुळे शक्य झाले होते, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

पुढे शासनाने हीच जबाबदारी वेगवेगळ्या योजनांतून स्वीकारली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. मागास भागांतील मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये २००४ मध्ये सुरू करण्यात आली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील गुणवंतांसाठी २००८ मध्ये राष्ट्रीय शिष्यवृत्ती योजना आली. तिच्याद्वारे नववी ते बारावीच्या विद्यार्थ्याला वर्षाला १२,००० रुपये मिळतात. बिहारने २००६ मध्ये नववीतील मुलींना सायकलसाठी रक्कम देण्यास प्रारंभ केला. या उपक्रमाने मुलींचे माध्यमिक शाळेतील प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढवले आणि मुले-मुलींतील तफावत ४० टक्क्यांनी घटवली, असे कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. घरापासून शाळा दूर असली की सायकल हीच सुरक्षा ठरते.

कुटुंबाच्या उत्पन्नाला आधार देणाऱ्या योजनांचाही शिक्षणाशी जवळचा संबंध आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे स्वरूप मिळाले. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबांना वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले कामाच्या ठिकाणी असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी व्यक्ती नेमण्याची तरतूद त्यात होती. थोरल्या बहिणीची शाळा वाचवणारी ही तरतूद होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात १२५ दिवसांच्या रोजगाराची तरतूद आहे.

गावात काम नसेल तर काय होते, हे ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरातून दिसते. मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुले सोबत गेली की शाळेचे अर्धे वर्ष बुडते. त्यांच्यासाठी साखरशाळा आणि गावातच राहण्या-जेवणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहे असे उपाय योजण्यात आले. वसतिगृह हंगामाच्या आरंभीच सुरू झाले, तरच त्याचा उपयोग होतो. गाड्या निघून गेल्यावर उघडलेल्या वसतिगृहात मुलांना ठेवायला पालक गावात नसतात.

आठवीनंतरची पोकळी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वर्षे वयोगटासाठी आहे. मध्यान्ह भोजनाचा राष्ट्रीय हक्कही आठवीपर्यंतच आहे. बालकामगार प्रतिबंधक कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ ते १८ वर्षांच्या किशोरांना केवळ धोकादायक उद्योगांत कामावर ठेवण्यास मनाई आहे. इतर कामे ते करू शकतात. परिणामी, ज्या वयात मुलाची मजुरी घराला मोलाची वाटू लागते आणि मुलीच्या लग्नाचा विषय निघतो, त्याच वयात मोफत शिक्षणाची हमी आणि दुपारचे जेवण ही दोन्ही कवचे एकाच वेळी गळून पडतात.

याचे प्रतिबिंब आकडेवारीत उमटते. शिक्षण मंत्रालयाच्या ‘यूडायस प्लस’ अहवालानुसार, २०२४-२५ मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर गळतीचे प्रमाण ३.५ टक्के होते. नववीपासून पुढच्या माध्यमिक टप्प्यावर ते ८.२ टक्के होते. आदल्या वर्षीच्या १०.९ टक्क्यांपेक्षा हे प्रमाण कमी झाले आहे. पण दोन टप्प्यांतील दरी कायम आहे. पोटाला आधार देऊन वर्गात आणलेला विद्यार्थी नेमक्या निर्णायक वळणावर निसटतो. नोकरीसाठी किंवा पुढील तांत्रिक शिक्षणासाठी किमान दहावी-बारावीचे प्रमाणपत्र लागते. त्यामुळे आठवीपर्यंतची वर्षेही कुटुंबाची परिस्थिती पालटण्यास अपुरी पडतात.

ही पोकळी भरून काढता येते, याची उदाहरणे देशातच आहेत. तमिळनाडूने १९८४ पासून दहावीपर्यंत भोजन दिले आहे. कर्नाटकानेही नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना योजनेत सामावून घेतले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये ३ ते १८ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणाचे उद्दिष्ट आहे आणि दुपारच्या जेवणाबरोबर सकाळच्या पौष्टिक न्याहारीची शिफारसही आहे. शिक्षणाच्या निधीतून भोजनावर खर्च करावा काय, या १९२५ मधील प्रश्नाचे उत्तर देशाने प्राथमिक शाळेपुरते दिले आहे. नववीच्या वर्गासाठी ते अद्याप राज्याराज्यांवर सोपवलेले आहे.